कर्नल अपडेट झाला की वजनकाट्याचा कॉम पोर्ट गप्प: प्लग अँड प्ले नेमकं कुठे अडतं

ट्रक काट्यावर उभा आहे, इंडिकेटरच्या लाल अंकांत वजन स्थिर झालंय आणि संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये मात्र शून्य. नाहीतर मधूनच एखादा आकडा येतो, तोही तुटका: १८४६० च्या जागी ८४६. संगणक बंद-चालू करून फरक पडत नाही. मग कुणीतरी येतं, काहीतरी करून जातं, काटा सुरू होतो. पुढचा कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट आला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी, रणोली, नंदेसरी या पट्ट्यातले लिनक्सवर चालणारे काट्याचे संगणक मी सांभाळते. याच तक्रारीचे फोन सर्वांत जास्त येतात. खाली जे लिहिलंय ते काट्यापुरतं नाही. सिरियल पोर्टवर (म्हणजेच कॉम पोर्टवर) बारकोड स्कॅनर असो, प्रयोगशाळेतला तराजू असो की सीएनसी मशिन असो, रोगाचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: पोर्ट बोर्डावर आहे, चिप जिवंत आहे, पण त्या पोर्टचा खरा पत्ता कर्नलला कुणी सांगितलेलाच नाही, म्हणून तो अंदाजाने काम करतोय.

आधी वायरीचा विषय संपवू. इंडिकेटरची नऊ पिनांची केबल दुसऱ्या, चालत्या संगणकाला किंवा यूएसबी कन्व्हर्टर लावलेल्या लॅपटॉपला जोडा आणि मिनिकॉममध्ये (पोर्टवर येणारे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) इंडिकेटरचाच बॉड रेट, म्हणजे आकडे पाठवण्याचा वेग, ठेवून बघा (काट्यांवर १२००, २४०० किंवा ९६०० असतो). तिथे आकड्यांची ओळ धो धो वाहत असेल तर इंडिकेटर आणि केबल दोन्ही ठीक. 'परमिशन डिनाइड' असा संदेश येत असेल तर तो कर्नलचा प्रश्नच नाही, वापरकर्ता डायलआउट गटात नाही एवढाच अर्थ. वायर ठीक, परवानगी ठीक, तरी आकडे नाहीत, असं असेल तर पुढे वाचा.

ओळीची सुरुवात वाचा

या दुखण्याचं निदान एका ओळीत होतं, आणि ती ओळ बहुतेक जण शेवटाकडून वाचतात. डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालवून त्यात 'टीटीवायएस' शोधा. कॉम१ म्हणजे टीटीवायएस०, कॉम३ म्हणजे टीटीवायएस२, हे लक्षात ठेवा. नीट चालणाऱ्या यंत्रावर कॉम३ ची ओळ अशी दिसते:

००:०५: टीटीवायएस२ ॲट आय/ओ ०एक्स३ई८ (आयआरक्यू = १०, बेस_बॉड = ११५२००) इज अ १६५५०ए

आणि बिघडलेल्या यंत्रावर अशी:

सिरियल८२५०: टीटीवायएस२ ॲट आय/ओ ०एक्स३ई८ (आयआरक्यू = ४, बेस_बॉड = ११५२००) इज अ १६५५०ए

दोन्हीकडे पोर्ट सापडला आहे. दोन्हीकडे पत्ता ३ई८ आहे, चिप १६५५०ए आहे. म्हणून बघणारा म्हणतो, "पोर्ट तर दिसतोय, मग बाकी काय?" पण सुरुवात बघा. '००:०५' हा प्लग अँड प्लेच्या यादीतला क्रमांक आहे. म्हणजे बोर्डाच्या फर्मवेअरने (बायोसने) कर्नलला सांगितलं की इथे एक सिरियल पोर्ट आहे, त्याचा पत्ता हा आणि इंटरप्ट (आयआरक्यू, म्हणजे 'माझ्याकडे बघा' अशी हाक मारायची वाट) हा. 'सिरियल८२५०' अशी सुरुवात असेल तर कुणी काही सांगितलेलं नाही. कर्नलने स्वतःजवळच्या जुन्या तक्त्यातला पत्ता घेतला, तिथे चाचपून पाहिलं, चिप सापडली, आणि इंटरप्टही त्याच तक्त्यातला धरला. ३ई८ ला चिप खरंच आहे, म्हणून पत्ता जुळला. इंटरप्ट मात्र चाचपून घेतलेला नाही. बोर्डावर तो १० आहे, कर्नल ४ वर कान लावून बसलाय.

हा जुना तक्ता आला कुठून? १९८१ च्या आयबीएम पीसीत इंटरप्टच्या आठच वाटा होत्या. कॉम१ ला ३एफ८ आणि आयआरक्यू ४, कॉम२ ला २एफ८ आणि आयआरक्यू ३ असा रिवाज पडला. तिसरा-चौथा पोर्ट लावायची वेळ आली तेव्हा वाटा शिल्लक नव्हत्या, म्हणून कॉम३ (३ई८) ने पुन्हा ४ घेतला आणि कॉम४ (२ई८) ने पुन्हा ३. एक्स८६ (इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसर) साठीच्या लिनक्स कर्नलमध्ये तो तक्ता अजून जसाच्या तसा आहे. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवरून आज नंबर फिरवावा तसला हा प्रकार: कधी लागतोही, कारण काही लोक अजून जुन्याच घरी राहतात. सहा कॉम पोर्ट असलेल्या आजच्या औद्योगिक बोर्डांवर पहिल्या दोन पोर्टना तो लागतो, तिसऱ्यापासून पुढे नाही.

आकडे तुटक का येतात, हेही यातूनच उलगडतं. आयआरक्यू ४ वर कॉम१ ही आहे. कॉम१ वर काही हालचाल झाली की (माझ्याकडच्या बऱ्याच काट्यांवर तिथे ड्रायव्हरला दिसणारा बाहेरचा मोठा डिस्प्ले असतो) इंटरप्ट येतो, आणि ८२५० ड्रायव्हर त्या आयआरक्यूवर नोंदलेले सगळे पोर्ट एकेक करून तपासतो. त्या फेरीत कॉम३ मध्ये साचलेलं जे असेल ते उचललं जातं. चिपच्या पोटात १६ बाइट मावतात. २४०० बॉडला सेकंदाला २४० अक्षरं येतात, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यात ते पोट भरतं आणि पुढचं सांडतं. उरतो तो मधला एखादा तुकडा. '८४६' तिथून येतो. "बाहेरचा डिस्प्ले बंद केला की संगणकावर आकडे येणं अगदीच थांबतं" असं कुणी सांगितलं तर ते खुळचट समजू नका. तो माणूस अचूक निरीक्षण सांगतोय.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर काट्याचा प्रोग्रॅम चालू ठेवून /प्रॉक/इंटरप्ट्स ही फाइल वॉच कमांडने दर सेकंदाला बघा. पोर्ट उघडा असेल तरच त्याचं नाव तिथे येतं. टीटीवायएस२ हे नाव ४ च्या ओळीत दिसलं तर रोग पक्का. १० च्या ओळीत दिसलं आणि मोजणी भराभर वाढत असेल तर पोर्ट निरोगी आहे, दोष बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये शोधा.

सांगणारा कोण असतो

सुधारणा करण्याआधी हे समजून घेतलेलं बरं, नाहीतर पुढच्या पायऱ्या मंत्रासारख्या पाठ कराव्या लागतात.

प्लग अँड प्ले हे नाव पहिल्यांदा गाजलं ते आयएसए कार्डांसाठी, म्हणजे जुन्या पीसीच्या खोबणीत बसणाऱ्या कार्डांसाठी. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९३ मध्ये त्याचं विनिर्देशपत्र काढलं, १९९४ मध्ये सुधारित आवृत्ती आली, आणि विंडोज ९५ मुळे ते घरोघरी पोचलं. त्याआधी कार्डावरचे जम्पर हलवून पत्ता आणि इंटरप्ट ठरवावा लागे. नंतर डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय (फर्मवेअरने बोर्डाची माहिती आणि विजेचं नियंत्रण कर्नलकडे सोपवायची पद्धत) आणलं, आणि बोर्डावरच जडवलेल्या उपकरणांची यादी सांगण्याचं काम हळूहळू त्याच्याकडे गेलं. आजच्या एक्स८६ बोर्डावर सिरियल पोर्ट, प्रिंटर पोर्ट, पीएस/२ कीबोर्ड, घड्याळाची चिप ही सगळी मंडळी एसीपीआयच्या यादीतूनच कर्नलला कळतात. पीसीआय आणि यूएसबी उपकरणं आपली ओळख स्वतः सांगतात. ही बोर्डावरची जुनी मंडळी मुकी आहेत, त्यांच्या वतीने फर्मवेअरला बोलावं लागतं.

यादीत प्रत्येकाला एक ओळखपत्र असतं: तीन अक्षरं आणि चार हेक्स अंक. १६५५० जातीचा सिरियल पोर्ट म्हणजे पीएनपी०५०१. साधा प्रिंटर पोर्ट पीएनपी०४००, ईसीपी प्रिंटर पोर्ट पीएनपी०४०१, कीबोर्ड पीएनपी०३०३, घड्याळ पीएनपी०बी००. ही यादी /सिस/बस/पीएनपी/डिव्हायसेस या फोल्डरमध्ये उघडीच पडलेली असते. आत ००:००, ००:०१ असे फोल्डर असतात. कुठल्याही फोल्डरमधली 'आयडी' ही फाइल वाचली की ओळखपत्र कळतं, 'रिसोर्सेस' वाचली की अशा ओळी दिसतात:

स्टेट = ॲक्टिव्ह
आयओ ०एक्स३ई८-०एक्स३ईएफ
आयआरक्यू १०

बायोसमध्ये जे ठरवलंय तेच इथे दिसायला हवं. 'ड्रायव्हर' नावाचा दुवाही तिथे असतो, तो 'सिरियल' कडे नेत असेल तर ड्रायव्हरने पोर्ट ताब्यात घेतला आहे. फोल्डर आहे पण ड्रायव्हरचा दुवा नाही, अशी अवस्था असेल तर यादी पोचली आहे, ड्रायव्हर नाही. आणि संपूर्ण फोल्डरच रिकामा असेल तर सांगणाऱ्याचंच तोंड बंद आहे.

डीमेसेजमध्ये 'पीएनपी' शोधलं की हेच दुसऱ्या बाजूने दिसतं. 'पीएनपी एसीपीआय: फाउंड ९ डिव्हायसेस' अशासारखी ओळ असेल तर यादी आली. 'पीएनपी एसीपीआय: डिसेबल्ड' असेल तर कुणीतरी ती मुद्दाम बंद केली आहे.

मूळ कारण: ग्रबमध्ये विसरलेला एक शब्द

पुन्हा पुन्हा उलटणारा जो प्रकार मी सर्वांत जास्त पाहिला तो हा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, त्यात एका कारखान्याच्या गेटवरचा संगणक भिजला. बोर्ड गेला, डिस्क वाचली. नवा सहा पोर्टांचा बोर्ड आला आणि त्याला तीच डिस्क लावली. काटा सांभाळणारे काका दांडिया बाजारातले. त्यांना मी विचारलं, "काका, संगणक बंद करताना काही वेगळं जाणवतं का?"

"अगं, बंद होतच नाही तो. पडदा काळा होतो, पण पंखा फिरत राहतो. मग बटण दाबून धरावं लागतं. मध्यंतरी एक जण काहीतरी करून गेला तेव्हा चांगला बंद व्हायचा. आता परत तेच. पण तू त्याचं काय घेऊन बसलीस, आधी काटा बघ ना."

काटाच बघत होते. पंखा फिरत राहणं आणि काट्याचं मौन ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं आहेत. /प्रॉक/सीएमडीलाइन (बूटच्या वेळी कर्नलला दिलेल्या सूचना) वाचली तर त्यात लिहिलेलं होतं: एसीपीआय=ऑफ. जुन्या बोर्डाचं एसीपीआय सदोष असल्यामुळे कधीतरी कुणी तो शब्द घातला असणार. त्या काळी तसा सल्ला सर्रास दिला जाई, आणि त्या बोर्डावर तो बरोबरही असेल, कारण तिथे दोनच कॉम पोर्ट होते आणि दोघांनाही जुना तक्ता लागू पडत होता. डिस्कबरोबर तो शब्द नव्या बोर्डावर आला. एसीपीआय बंद, म्हणून प्लग अँड प्लेची यादी बंद, वीज तोडण्याची सोयही बंद. अशा यंत्रावर एनप्रॉक ही कमांड देऊन बघा. चार कोअरच्या प्रोसेसरवर उत्तर १ आलं तर संशय आणखी बळावतो, कारण आजच्या बोर्डांवर बाकीच्या कोअरची माहितीही एसीपीआयकडूनच येते.

मग 'मध्यंतरी चांगला बंद व्हायचा' याचं काय? इथेच पुनरावृत्तीचं उत्तर आहे. जो कोणी मध्ये येऊन गेला त्याने दोष अचूक ओळखला होता. फक्त तो शब्द ग्रबच्या (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी या फाइलमधून खोडला. ती फाइल हाताने लिहायची नसते. तिच्या डोक्यावरच तसं बजावलेलं असतं. नवा कर्नल बसला की अपडेट-ग्रब आपोआप चालतं आणि ती फाइल /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब वरून नव्याने तयार होते. मूळ फाइलमध्ये एसीपीआय=ऑफ तसाच असल्यामुळे प्रत्येक अपडेटला तो परत येतो, आणि दोष नव्या कर्नलच्या माथी जातो.

दुरुस्ती या क्रमाने करा. आधी एकदाच तात्पुरतं करून पाहा: ग्रबच्या मेन्यूत 'ई' दाबा, लिनक्सच्या ओळीतला एसीपीआय=ऑफ काढा, एफ१० ने बूट करा. यंत्र नीट उठलं, डीमेसेजमधल्या ओळींची सुरुवात ००: अशी झाली, इंटरप्ट बरोबर आला, की मग /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब उघडा. ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स आणि ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट या दोन्ही ओळी तपासा, शब्द दोहोंपैकी कुठेही असू शकतो. डेबियन आणि उबुंटूवर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब.डी या फोल्डरमधल्या फाइलीही बघा, तिथे दडलेला शब्द मुख्य फाइल साफ करूनही परत येतो. मग अपडेट-ग्रब चालवा, रीबूट करा आणि /प्रॉक/सीएमडीलाइन पुन्हा वाचा. तात्पुरत्या बुटात यंत्र अडकलं तर घाबरू नका, पुढच्या वेळी जुनीच ओळ वापरली जाते. तेव्हा बायोसचा अपडेट शोधावा लागेल.

एसीपीआय=ऑफ सारखीच पीएनपीएसीपीआय=ऑफ अशीही एक सूचना असते. तिच्यामुळे पंखा व्यवस्थित बंद होतो, कोअरही सगळे दिसतात, फक्त प्लग अँड प्लेची यादी गायब होते. लक्षण फसवं आहे, म्हणून सीएमडीलाइन अख्खी वाचा.

कर्नल स्वतः बांधत असाल तर

काही ठिकाणी, विशेषतः जुनी यंत्रं चालवणाऱ्या कारखान्यांत, कर्नल हाताने बांधलेला असतो आणि .कॉन्फिग फाइल वर्षानुवर्षं पुढे नेलेली असते. तिथे ग्रब स्वच्छ असूनही यादी येत नाही. चालत्या कर्नलची कॉन्फिग /बूट मध्ये कॉन्फिग या नावाने किंवा /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड मध्ये असते. तिच्यात चार नावं याच क्रमाने शोधा: कॉन्फिग_एसीपीआय, कॉन्फिग_पीएनपी, कॉन्फिग_पीएनपीएसीपीआय, कॉन्फिग_सिरियल_८२५०_पीएनपी. चारही 'वाय' हवीत. यांतलं एकही मॉड्यूल (नंतर वेगळा चढवता येणारा भाग) होत नाही, असतं किंवा नसतं.

क्रम महत्त्वाचा आहे कारण एक दुसऱ्याला ओढून आणतो. एसीपीआय चालू केलं की ते पीएनपीला आपोआप निवडतं. मेन्यूकॉन्फिगमध्ये 'प्लग अँड प्ले सपोर्ट' च्या पुढे चौकटी कंसाऐवजी दोन आडव्या रेघांमध्ये तारा दिसतो, याचा अर्थ तो आता हाताने बंद होणारच नाही. म्हणून एसीपीआय चालू असलेल्या एक्स८६ कर्नलमध्ये 'पीएनपी बंद राहिलं' असं होत नाही. पीएनपी बंद सापडलं तर वर जाऊन एसीपीआयच बघायचं. आणि पीएनपी नसलं की सिरियल_८२५०_पीएनपी हा पर्याय मेन्यूतून मुकाट्याने नाहीसा होतो, इशारा मिळत नाही. मेन्यूकॉन्फिगमध्ये तिरपी रेघ दाबून नाव शोधलं तर तो कशावर अवलंबून आहे आणि त्यातलं काय बंद आहे हे एका पडद्यावर दिसतं. मेन्यू चाळत बसण्यापेक्षा तेच करा.

आणखी एक खाच. सिरियल_८२५०_पीएनपी हा पर्याय एरवी आपोआप 'वाय' असतो आणि दिसतही नाही. जनरल सेटअपमधलं 'एक्सपर्ट' चालू केलं तरच तो दिसतो आणि बंद करता येतो. 'सडपातळ कर्नल' बांधायच्या हौसेत एक्सपर्ट चालू करून दिसेल ते काढून टाकलेल्या कॉन्फिगमध्ये नेमका तोच बळी गेलेला असतो. अशा यंत्रावर /सिस/बस/पीएनपी/डिव्हायसेस भरलेलं असतं, पीएनपी०५०१ दिसतं, पण ड्रायव्हरचा दुवा नसतो.

नव्या आवृत्तीसाठी मेक ओल्डडिफकॉन्फिग चालवल्यावर हे दुरुस्त होईल ही आशा व्यर्थ. ती कमांड फक्त नव्याने आलेल्या पर्यायांना मूळ किंमत (डिफॉल्ट) देते. 'कॉन्फिग_एसीपीआय इज नॉट सेट' असं आधीच लिहिलेलं असेल तर तो तुमचा निर्णय मानून ती तसाच ठेवते. दर आवृत्तीला तीच चूक नव्या कर्नलमध्ये जाते ती अशी. एकदा हाताने दुरुस्त करा, आणि दुरुस्त झालेली फाइलच पुढे न्या.

चारच्या पुढचे पोर्ट

कॉम५ आणि कॉम६ दिसतच नाहीत, बाकी चार ठणठणीत आहेत, असं असेल तर प्लग अँड प्लेला दोष देऊ नका. सिरियल_८२५०_रनटाइम_यूएआरटीएस या पर्यायाची मूळ किंमत ४ आहे. बूटच्या ओळीत ८२५०.एनआर_यूएआरटीएस=८ असं घाला, तेही /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये. सिरियल_८२५०_एनआर_यूएआरटीएस ही बांधताना ठरलेली कमाल मर्यादा आहे. तीच ४ असेल तर मात्र कर्नल पुन्हा बांधल्याशिवाय गत्यंतर नाही.

सेटसिरियल हा इलाज आहे का

ज्यांना घाई असते ते सेटसिरियल ही कमांड वापरून टीटीवायएस२ ला आयआरक्यू १० सांगतात, आणि आकडे तत्क्षणी वाहू लागतात. रात्री ट्रकांची रांग लागली असताना मीही तेच सुचवेन. पण ती ओळ आरसी.लोकल (बूटच्या वेळी चालणारी फाइल) मध्ये टाकून घरी जाण्याला माझा ठाम विरोध आहे. सिस्टमडी असलेल्या यंत्रांवर ती फाइल चालेलच याचा भरवसा नाही. चालली तरी काट्याचा प्रोग्रॅम तिच्याआधी पोर्ट उघडून बसला असेल तर सेटसिरियलला इंटरप्ट बदलता येत नाही. आणि बायोसमध्ये कुणी इंटरप्ट ११ केला की तुमची ओळही नुसता चुकलेला अंदाज ठरते, ज्ञान नाही. फर्मवेअर सांगायला तयार असताना कर्नलच्या कानावर हात ठेवून दुसऱ्याने ओरडण्यात काय हशील?

याउलट काही जण बायोसमध्ये जाऊन कॉम३ चाच इंटरप्ट ४ करतात, म्हणजे कर्नलचा अंदाज खरा ठरेल. हे तर अजिबात करू नका. आयएसए पद्धतीचे इंटरप्ट सिग्नलच्या कडेवर, म्हणजे तो बदलतो त्या क्षणावर, चालतात. दोन पोर्टांनी एकच वाट धरली की एकाची हाक दुसऱ्याच्या हाकेत हरवते, आणि ती कधी हरवेल याचा नेम नसतो. कायमचं दुखणं अधूनमधून होणाऱ्या दुखण्यात बदलतं, आणि ते शोधणं दसपट अवघड.

कर्नलसारखं दिसणारं, पण कर्नलचं नसलेलं

सुट्टीनंतरच्या सकाळी काटा बंद, बाकी दिवस ठीक, आणि अपडेट झालेलाच नाही: अशा यंत्राची तारीख बघा. ती मागे गेली असेल तर बोर्डावरची सीआर२०३२ ही तीन व्होल्टची बटण-बॅटरी संपली आहे. गेटवरच्या खोलीचा मेन स्विच सुट्टीत बंद ठेवतात, बायोस स्वतःच्या मूळ किमतींवर परततो, आणि त्यात तिसऱ्यापासूनचे पोर्ट बंद किंवा वेगळ्या इंटरप्टवर असतात. बंद असलेला पोर्ट प्लग अँड प्लेच्या यादीत येणारच नाही, कर्नल बिचारा खरंच सांगतोय. बॅटरी बदला, बायोसमध्ये पोर्टची पानं पुन्हा भरा आणि त्या पानांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा.

यादीत पोर्ट आहे पण रिसोर्सेस फाइलमध्ये 'स्टेट = डिसेबल्ड' आहे, अशीही एक अवस्था कधी दिसते. तिथे रूट म्हणून त्या फाइलमध्ये आधी 'ऑटो' आणि मग 'ॲक्टिव्हेट' हे शब्द एको कमांडने लिहिले तर कर्नल स्वतः मोकळा पत्ता आणि इंटरप्ट शोधून पोर्ट जागा करतो. डीमेसेजमध्ये 'ॲक्टिव्हेशन फेल्ड' आलं तर जागेची मारामारी आहे. पीएनपी.डीबग=१ देऊन बूट करा, कोण कुणाच्या आड येतंय ते ओळीओळीने छापलं जातं.

खरंखुरं आयएसए कार्ड

पँटियम काळातलं आयएसए कार्ड अजून चालवत असाल तर एकच गोष्ट: कॉन्फिग_आयएसएपीएनपी ला कॉन्फिग_आयएसए लागतं, आणि एक्स८६ वर ते ३२ बिट कर्नलमध्येच मिळतं. ६४ बिट कर्नल टाकला की प्लग अँड प्ले आयएसए कार्डाची ओळख संपते, कॉन्फिग कितीही ढवळली तरी. फेडोराने ३१ व्या आवृत्तीपासून, २०१९ मध्ये, ३२ बिट कर्नल देणं थांबवलं. डेबियनच्या १३ व्या आवृत्तीत, २०२५ मध्ये, तो गेला. तेव्हा अशा यंत्रावर आवृत्ती बढवण्याआधी कार्डाला पर्याय शोधा, नाहीतर डेबियन १२ वर थांबा आणि यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवा.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची चौकशी बरेच जण याच ओघात करतात. समांतर पोर्टसाठी डीमेसेजमध्ये 'पारपोर्ट_पीसी ००:०४: रिपोर्टेड बाय प्लग अँड प्ले एसीपीआय' ही ओळ हवी. ती असूनही /डेव्ह/एलपी० नसेल तर एलपी हे मॉड्यूल चढलेलं नाही. /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये एक फाइल करून त्यात एलपी लिहा, काम झालं. प्रिंटर इंटरप्ट न मिळता पोलिंगवर (कर्नलने पोर्टला पुन्हा पुन्हा विचारत राहण्यावर) चालला तरी वजनाच्या पावत्या व्यवस्थित छापल्या जातात.

शेवटी यूएसबी कन्व्हर्टर. बोर्डाचा पोर्ट रुसला की सयाजीगंजातून सीएच३४० चा कन्व्हर्टर आणून लावणं हा लोकप्रिय मार्ग आहे, आणि तात्पुरता म्हणून वाईट नाही. दोन गोष्टी सांभाळा. उबुंटू २२.०४ वर तो लावताक्षणी जोडला जातो आणि लगेच तुटतो, असं झालं तर डीमेसेजमध्ये 'बीआरएलटीटीवाय' हे नाव शोधा. ती ब्रेल डिस्प्लेसाठीची सेवा आहे आणि १ए८६:७५२३ हा ओळखक्रमांक बघून ती कन्व्हर्टरला ब्रेल यंत्र समजते. त्या यंत्रावर ब्रेल डिस्प्ले वापरात नसेल तरच ते पॅकेज काढा. दुसरं म्हणजे दोन कन्व्हर्टर लावले की टीटीवाययूएसबी० आणि १ ची अदलाबदल होते, आणि काट्याचे आकडे डिस्प्लेच्या पोर्टवर शोधले जातात. सीएच३४० ला बहुधा स्वतःचा अनुक्रमांक नसतो, म्हणून /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी तिथे उपयोगाचं नाही. बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये /डेव्ह/सिरियल/बाय-पाथ मधला पूर्ण मार्ग लिहा आणि ज्या यूएसबी खोबणीत कन्व्हर्टर आहे तिच्यावर चिकटपट्टी लावून 'काटा' असं लिहून ठेवा, म्हणजे झाडलोट करताना निघाला तरी परत त्याच जागी बसेल.